ब्रेक दाबण्यापूर्वीचा अर्धा सेकंद

या वेळी एका साध्या प्रयोगाने सुरुवात करू या. साहित्य थोडेच लागते : ३० सें. मी. लांबीची एक फूटपट्टी आणि मदतीला एक मित्र किंवा मैत्रीण.

मित्राला फूटपट्टी वरच्या टोकाशी धरून सरळ लोंबती ठेवायला सांगा. शून्याची खूण खाली असू द्या. तुम्ही आपला अंगठा व तर्जनी त्या खुणेपाशी पट्टीच्या दोन्ही बाजूंना धरा, पण पट्टीला स्पर्श होऊ देऊ नका. आता मित्राने काहीही सूचना न देता पट्टी एकदम सोडून द्यायची आणि तुम्ही ती चिमटीत पकडायची. कोणत्या आकड्यावर पकडली ते लिहून ठेवा. असे पाच वेळा करून सरासरी काढा.

पट्टी किती सें. मी. घसरली यावरून तुम्हाला किती वेळ लागला हे सांगता येते. मोकळी सोडलेली वस्तू काळाच्या वर्गाच्या प्रमाणात अंतर तोडते, हा नियम तुम्ही शिकलाच आहात. त्यानुसार हिशेब केला तर १० सें. मी.ला ०.१४ सेकंद, २० सें. मी.ला ०.२० सेकंद आणि ३० सें. मी.ला ०.२५ सेकंद येतात. डोळ्यांनी पट्टी पडताना पाहिली, मेंदूला संदेश गेला, मेंदूने हाताला आज्ञा दिली आणि बोटे मिटली, या सगळ्याला लागलेला हा वेळ. याला प्रतिक्रियाकाल म्हणतात.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. १०० मधून ७ वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा ७, असे मोठ्याने म्हणत राहा : ९३, ८६, ७९... आणि म्हणता म्हणताच पट्टी पकडा. बहुतेकांच्या हातून पट्टी अधिक खाली जाते. कित्येकांना ती सापडतच नाही. डोळे तेच, बोटेही तीच. मग बिघडले काय? मेंदूचे लक्ष विभागले गेले, एवढेच.

मेंदूचे काम थोडे मंदावले की काय होते, हे तुम्ही पाहिलेत. आता आपण खोलीतून रस्त्यावर जाऊ या.

साडेसात मीटरांची गोष्ट

पट्टी पकडणे सोपे असते, कारण ती पडणार हे आधीच ठाऊक असते. रस्त्यावर तसे नसते. अचानक एखादे मूल चेंडूमागे धावत येते. चालकाने ते पाहायचे, ओळखायचे, काय करावे ते ठरवायचे आणि मग हात किंवा पाय ब्रेककडे न्यायचा. यासाठी सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो.

समजा, एक मोटारसायकल ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ब्रेक दाबण्याआधीच्या त्या एका सेकंदात ती १५ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या प्रमाणात कमी होतो असे धरू. तर थांबेपर्यंत ती आणखी २२.५ मीटर जाईल. एकूण ३७.५ मीटर. ते मूल बरोबर ३७.५ मीटरांवर असेल तर गाडी त्याच्यापुढे येऊन थांबेल. मूल घाबरेल, चालक घाबरेल, पण दोघेही संध्याकाळी घरी जातील.

आता तोच रस्ता, तीच गाडी, तेच मूल. फक्त चालक दारू प्यायलेला आहे आणि त्याच्या प्रतिक्रियाकालात अर्ध्या सेकंदाची भर पडली आहे. दीड सेकंदात गाडी २२.५ मीटर पुढे गेली, म्हणजे ब्रेक साडेसात मीटर उशिरा लागला. मुलापर्यंत आता १५ मीटरच उरले. तेवढ्या अंतरात वेग किती कमी होईल? वेगाचा वर्ग २२५ होता, त्यातून २ × ५ × १५ म्हणजे १५० गेले, उरले ७५. त्याचे वर्गमूळ सुमारे ८.७. म्हणजे जिथे पहिली गाडी थांबली होती, तिथे ही दुसरी गाडी ताशी ३१ किलोमीटर वेगाने आदळते.

‘ताशी ३१ म्हणजे काही फार नाही,’ असे तुम्ही म्हणाल. पण एवढा वेग येण्यासाठी एखादी वस्तू किती उंचीवरून पडावी लागेल? सुमारे ३.८ मीटर उंचीवरून, म्हणजे एका मजल्याहूनही अधिक. आणि मुळीच ब्रेक न लागता ताशी ५४ किलोमीटरने झालेली टक्कर म्हणजे सुमारे साडेअकरा मीटरांवरून, जवळजवळ चार मजल्यांवरून, खाली पडणे. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर बसून गप्पा मारायला आपल्याला भीती वाटते. दुचाकीवर त्याच वेगाने जाताना मात्र ती वाटत नाही, कारण उंची डोळ्यांना दिसते आणि गतिज ऊर्जा दिसत नाही.

पोटातून मेंदूकडे

दारूतील मादक द्रव्य म्हणजे इथिल अल्कोहोल अथवा मद्यार्क. त्याचा रेणू अगदी लहान असतो व पाण्यात सहज मिसळतो. पोळी-भाजीप्रमाणे त्याचे पचन व्हावे लागत नाही. थोडा मद्यार्क जठरातून आणि बहुतेक सगळा लहान आतड्यातून तसाच रक्तात उतरतो. पोट भरलेले असेल तर तो आतड्यात हळूहळू पोहोचतो, रिकामे असेल तर लवकर. पण पोहोचतो हे नक्की. रक्तातून तो काही मिनिटांतच मेंदूत शिरतो.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना रासायनिक संदेश पाठवत असतात. काही संदेश ‘चला’ असे सांगणारे, तर काही ‘थांबा’ असे सांगणारे. मद्यार्क ‘थांबा’ संदेशांचा जोर वाढवतो आणि ‘चला’ संदेश दाबून टाकतो. त्यामुळे सगळा कारभार मंदावतो. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर परिणाम झाला की पाऊल वाकडे पडते. डोळ्यांचे स्नायू ढिले पडले की हलत्या वस्तूवर नजर स्थिर राहत नाही. आपल्या कानाच्या आत तोल कळवणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. त्यांतील द्रव व त्यात डोलणारा पडदा यांची घनता एरवी सारखी असते. मद्यार्क पडद्यात आधी शिरतो आणि द्रवात मागाहून. पडदा हलका होतो व मेंदूला खोटीच बातमी देतो : जग फिरत आहे!

पण यांहून मोठा धोका वेगळाच आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला विचार करायला लावतो : हे करावे का, यात धोका किती, आपल्याला जमेल का. मद्यार्काचा परिणाम या भागावर फार लवकर होतो. पाऊल वाकडे पडण्याच्या कितीतरी आधी सारासार विचार ढळलेला असतो. म्हणून प्यायलेला माणूस मनापासून सांगतो, ‘मला काही झालेले नाही.’ तो खोटे बोलत नाही, बरे का! ज्या तराजूने स्वतःला तोलायचे तो तराजूच बिघडला आहे, आणि बिघडलेल्या तराजूला आपण बिघडलो आहोत हे कसे कळणार? मेंदूचा हा भाग पूर्णपणे तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या तरुणाजवळ गाडी चालवण्याचा अनुभव थोडा आणि लगाम घालणारा मेंदूही अजून घडत असलेला. त्यात मद्यार्काची भर पडली तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

एका बाटलीचे गणित

‘बियर म्हणजे काही दारू नव्हे’ असे म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांच्यासाठी एक गणित करू या.

बियरच्या मोठ्या बाटलीत ६५० मि. लि. द्रव असतो. ‘स्ट्राँग’ बियरमध्ये मद्यार्काचे प्रमाण शेकडा ८ पर्यंत असते. म्हणजे ५२ मि. लि. मद्यार्क. त्याची घनता ०.७९ असल्याने वजन झाले सुमारे ४१ ग्रॅम. हा मद्यार्क शरीरातील पाण्यात पसरतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये याचा हिशेब मांडून दाखवला. त्यांच्या रीतीप्रमाणे पुरुषाच्या वजनाचा सरासरी ०.६८ भाग विचारात घ्यायचा. तरुणाचे वजन ६० किलो असेल तर ६० × ०.६८ = सुमारे ४१ किलो. ४१ किलोत ४१ ग्रॅम, म्हणजे किलोला १ ग्रॅम. अर्थात १०० मि. लि. रक्तात साधारण १०० मि. ग्रॅ. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने ०.६८ ऐवजी ०.५५ च्या आसपास आकडा घेतात. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या तरुणीच्या रक्तात हे प्रमाण सुमारे १२४ मि. ग्रॅ. होईल.

आपल्या देशातील मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मि. लि. रक्तात ३० मि. ग्रॅ.पेक्षा जास्त मद्यार्क असणे हा गुन्हा आहे. आपल्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. तेव्हा ३० मि. ग्रॅ.ची मर्यादा म्हणजे सगळ्या रक्तात मिळून अवघा दीड ग्रॅम मद्यार्क. चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही! आणि त्या एका बाटलीने ही मर्यादा तिपटीने ओलांडली.

मात्र हे गणित सरासरीचे आहे. वजन, अन्न, पिण्याचा वेग आणि प्रकृती यांनुसार आकडा बदलतो. म्हणून ‘किती प्यालो तर चालेल’ हे ठरवण्यासाठी ते कोणी वापरू नये.

लिंबू, कॉफी आणि थंड पाणी

मद्यार्क अंगातून जातो कसा? थोडासा श्वास, घाम व लघवीवाटे जातो. नव्वद टक्क्यांहून अधिक मद्यार्काची विल्हेवाट यकृत लावते. तेथील विकर मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइडमध्ये व पुढे ॲसिटिक आम्लात रूपांतर करतात. शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

एस. टी. स्थानकावर तिकिटाची एकच खिडकी उघडी असली तर काय होते? रांग कितीही लांब होवो, तिकीटबाबू आपल्या वेगानेच तिकिटे देतो. यकृताचे तसेच आहे. ते तासाला साधारण १५ मि. ग्रॅ. या गतीने रक्तातील मद्यार्काचे प्रमाण खाली आणते. रांगेतल्या लोकांना कॉफी पाजली म्हणून तिकीटबाबू भराभर तिकिटे फाडू लागत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी काढणे, मोकळ्या हवेत फेरी मारणे यांपैकी कशानेही रक्तात गेलेला मद्यार्क लवकर बाहेर पडत नाही. कॉफीने झोप उडेल. पण मग झोपाळू दारूड्याऐवजी जागा दारूडा गाडी चालवील, एवढाच फरक!

आता हिशेब पुढे न्या. रात्री बारा वाजता कोणाच्या रक्तात २०० मि. ग्रॅ. मद्यार्क होता. सकाळी आठच्या तासाला हजर राहण्यासाठी तो दुचाकी काढतो. आठ तासांत १२० मि. ग्रॅ. गेले, ८० उरले. तोंड धुतले, चहा झाला, डोकेही ताळ्यावर आल्यासारखे वाटते आहे. तरीही कायद्याच्या मर्यादेच्या अडीचपटीहून अधिक मद्यार्क रक्तात फिरतोच आहे.

फुंकर मारा, यंत्र सांगेल

चौकात पोलीस एका यंत्रात फुंकर मारायला सांगतात, हे तुम्ही पाहिले असेल. रक्तातला मद्यार्क फुंकरीत कसा येतो?

फुप्फुसांतील वायुकोशांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. रक्तातील मद्यार्काचा काही भाग वायुरूपाने हवेत उतरतो आणि त्याचे प्रमाण ठरावीक असते. साधारण २,१०० मि. लि. श्वासात जेवढा मद्यार्क, तेवढाच १ मि. लि. रक्तात, असे मानतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात पोलीस दलात काम केलेले रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये या तत्त्वावर ‘ब्रेथलायझर’ बनवला. त्यात सल्फ्युरिक आम्लातील पोटॅशियम डायक्रोमेटचा पिवळसर नारिंगी द्रव असे. श्वासातील मद्यार्काशी संयोग झाला की तो हिरवट होत जाई. रंग किती बदलला यावरून प्रमाण कळे. आजच्या हातात मावणाऱ्या यंत्रांत बहुधा एक छोटा इंधन-घट असतो. प्लॅटिनमच्या पृष्ठावर मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होते व सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. मद्यार्क जितका अधिक, तितका प्रवाह अधिक.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. यंत्र वास घेत नाही, रेणू मोजते. आणि ते रेणू तोंडातले नसून फुप्फुसाच्या तळातले असतात. तेव्हा वेलदोडा, लवंग किंवा पान खाल्ल्याने माणूस फसेल, यंत्र फसणार नाही.

याच बोर्केनस्टाइन यांनी १९६२-६३ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स गावी एक मोठी पाहणी केली. अपघात झालेल्या चालकांचा श्वास तर त्यांनी तपासलाच. शिवाय त्याच ठिकाणांवरून, त्याच वारी, त्याच वेळी, अपघात न होता गेलेल्या हजारो चालकांचाही तपासला. विज्ञानात तुलनेला किती महत्त्व असते ते इथे दिसते. निष्कर्ष असा निघाला : रक्तात ६० मि. ग्रॅ. मद्यार्क असलेल्या चालकाच्या हातून अपघात होण्याचा संभव न प्यायलेल्याच्या दुप्पट, १०० मि. ग्रॅ.ला सहा ते सात पट आणि १५० मि. ग्रॅ.ला तब्बल पंचवीस पट. दारू दुप्पट झाली की धोका दुप्पट होत नाही, तो कित्येक पटींनी चढतो.

तुमच्या हातात काय आहे?

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. रोजची सरासरी ४६० हून अधिक. हे सगळे दारूमुळे झाले असे नाही; अतिवेग हे त्यांतले सर्वांत मोठे कारण आहे. पण वेग आवरायला सांगणारा मेंदूच दारूने झोपवला, तर ही दोन कारणे एकत्र येतात.

कायदा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार दारू पिऊन गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. परंतु कोणताही दंड भरून मोडलेला मणका जुळत नाही. मेंदूला इजा झालेल्या मुलाला पुन्हा बोलायला शिकवावे लागते, त्याची आई रात्रंदिवस उशाशी बसते, घरातली जमीन किंवा दागिने विकले जातात. आणि ज्याने धडक दिली तो बचावला, तर त्याला उरलेले सारे आयुष्य त्या आठवणीसह काढायचे असते. नोकरीसाठी, परदेशी जाण्यासाठी अर्ज करताना पोलिसांतील नोंद पुढे येते ती वेगळीच.

तुम्ही अजून शाळेत आहात. पण दोन-तीन वर्षांत कॉलेजात जाल. स्नेहसंमेलन संपलेले असेल, उशीर झालेला असेल, शेवटची बस गेलेली असेल. कोणी तरी मोटारसायकलला किक मारून म्हणेल, ‘बस मागे, दहा मिनिटांत सोडतो.’ त्याच्या तोंडाला वास येत असेल. त्या वेळी लाज वाटेल, मैत्री तुटेल असे वाटेल. म्हणून उत्तर आजच ठरवून ठेवा : मी बसणार नाही आणि तुलाही चालवू देणार नाही. किल्ली काढून घ्या. रिक्षा करा, मित्राच्या घरी मुक्काम करा, नाही तर घरी फोन करा. ‘रात्री कितीही वाजता फोन केलास तरी आधी आणायला येऊ, बोलणे सकाळी,’ असे वचन आई-वडिलांकडून आत्ताच घेऊन ठेवा. न प्यायलेल्या चालकाच्या मागे बसतानाही हेल्मेट घाला. ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे.

फार प्यायलेला मित्र झोपला असेल तर त्याला उताणा ठेवू नका; उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवा आणि एकटे सोडू नका. हाक मारूनही तो जागा होत नसेल, श्वास मंद असेल किंवा अंग गार पडले असेल, तर वेळ न दवडता महाराष्ट्रात १०८ किंवा देशात कोठेही ११२ हा क्रमांक फिरवा. रस्त्यावर अपघात दिसला तरी हेच करा. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात झाली आहे, तेव्हा भिऊ नका.

सोडवून पाहा

एक गणित तुमच्यासाठी ठेवले आहे. वरच्या उदाहरणातील गाडीचा वेग ताशी ५४ ऐवजी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, घ्या. ब्रेकचा जोर तोच. सावध चालक किती मीटरांवर थांबेल? आणि अर्धा सेकंद उशीर झालेला चालक त्याच जागी ताशी किती किलोमीटर वेगाने आदळेल? पहिले उत्तर ६० आणि दुसरे ३६ आले पाहिजे. आले, की वहीचे ते पान घरात मोटारसायकल चालवणाऱ्या दादाला, ताईला किंवा काकांना दाखवा आणि ताळा करायला त्यांनाच सांगा.